यंत्रमानवांचा मेळावा : स्थळ आणि व्यवस्था

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. दोन्ही कामांचा व्याप बाहेरून पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. तो अंगावर पडल्यावरच कळतो. आजच्या काळात या दोहोंच्या जोडीला 'स्पर्धा पाहावी भरवून' असे तिसरे कलम घालण्यास हरकत नाही. त्यातही स्पर्धा जर शेकडो विद्यार्थ्यांची आणि त्यांनी स्वहस्ते घडविलेल्या यंत्रमानवांची असेल, तर व्यवस्थापकांची कसोटी स्पर्धकांच्या कसोटीहून काही कमी नसते.

२०१६ साली नीती आयोगाने 'अटल टिंकरिंग लॅब' ही योजना सुरू केली. निवडलेल्या शाळेस प्रयोगशाळा उभारण्यासाठी व ती चालविण्यासाठी मिळून २० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, आणि सहावी ते बारावीच्या मुलामुलींना विद्युत्-मंडले, संवेदक व छोटी यंत्रे हाताळावयास मिळतात. चाकांवर धावणारा, रेघ ओळखून वळणारा, ठोकळा उचलून जागी ठेवणारा यंत्रमानव आता शाळकरी मुलांच्या कल्पनेतला राहिलेला नाही. तो त्यांच्या मेजावर आलेला आहे. साहजिकच अशा यंत्रांच्या स्पर्धाही आल्या. स्पर्धेत उतरणाऱ्याचे लक्ष आपल्या यंत्रावर असते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या यंत्रास धावावयास समतल भूमी, पुरेशी वीज व निर्वेध वेळ कोणी मिळवून दिली, याचा विचार फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात त्याच विषयाचा अभ्यास करावयाचा आहे.

आपण असे समजू या की, बेळगावात एका मोठ्या शाळेच्या आवारात ६० संघांची यंत्रमानव-स्पर्धा भरवावयाची आहे. संघ बेळगाव शहरातून येतील. तसेच निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी व खानापूर भागांतूनही येतील. प्रत्येक संघात सहा विद्यार्थी व एक शिक्षक. प्रत्येक संघास तीन फेऱ्या खेळावयाच्या आहेत. हे आपले गणित. ते सोडविण्यापूर्वी पूर्वी घडलेली दोन-तीन उदाहरणे पाहून घेऊ.

पूर्वीची उदाहरणे

आशिया-पॅसिफिक प्रदेशातील नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांच्या संघटनेतर्फे 'रोबोकॉन' ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते. तिचा प्रारंभ २००२ साली टोकियो येथे झाला. २००८ साली ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यास भरली आणि यजमानांनी तिचा विषय निवडला तो गोविंदाचा! दहीहंडीतील लोणी यंत्रमानवांनी काढावयाचे, अशी ती कल्पना होती. २०१४ साली ती पुन्हा पुण्यास आली. त्या वेळी आई-वडील व मूल यांच्या नात्यावर खेळ रचला होता. २०२२ साली नवी दिल्लीच्या स्पर्धेचा विषय होता आपली लगोरी. आपल्या अंगणातले खेळ परदेशी विद्यार्थ्यांनी यंत्रांकडून खेळवून घेतले, ही गोष्ट मोठी मौजेची आहे.

पुण्यातील स्पर्धेचे स्थळ होते बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. ते मुळात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले. खेळाडूंसाठी बांधलेली जागा यंत्रमानवांस कशी उपयोगी पडली? कारण दोघांच्या गरजा एकच आहेत : मध्ये खांब नसलेले उंच छप्पर, सपाट भूमी, भोवती प्रेक्षकांसाठी चढती आसने आणि जवळून जाणारा मोठा रस्ता. हा रस्ता म्हणजे निपाणी व बेळगावावरून पुढे बेंगळुरूस जाणारा आपलाच राष्ट्रीय महामार्ग ४८. स्थळाची निवड त्याच्या नावावरून न करता त्याच्या गुणांवरून करावी, हा पहिला बोध.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. १९९२ साली तेथील 'फर्स्ट' या संस्थेने न्यू हॅम्पशायर राज्यातील एका शाळेच्या व्यायामशाळेत अवघ्या २८ संघांची स्पर्धा भरविली. आज त्याच संस्थेची अंतिम स्पर्धा ह्यूस्टन नगरातील विस्तीर्ण प्रदर्शनगृहात भरते आणि जगभरातून शेकडो संघ तेथे येतात. शाळेच्या सभागृहापासून आरंभ करण्यात काहीही कमीपणा नाही, हा दुसरा बोध.

तिसरे उदाहरण खुद्द बेळगावचे आहे. ते यंत्रांचे नव्हे, माणसांचे आहे. परंतु व्यवस्थेचा धडा म्हणून त्याची बरोबरी दुसरे कशानेही होणार नाही. २६ व २७ डिसेंबर १९२४ या दिवशी टिळकवाडीच्या माळावर राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष झाले असे हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याच्या व्यवस्थेची धुरा वाहिली आणि डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या सेवादलाच्या स्वयंसेवकांनी शिस्त राखली. त्या तात्पुरत्या नगरास 'विजयनगर' हे नाव दिले होते. हजारो पाहुण्यांना पाणी कोठून पुरवावयाचे, हा पहिला प्रश्न होता. त्यासाठी अधिवेशनापूर्वीच तेथे विहीर खणण्यात आली. तिला 'पंपा सरोवर' असे नाव मिळाले आणि 'काँग्रेस विहीर' म्हणून ती आजही टिळकवाडीत दिसते. पाहुणे उतरावेत म्हणून जवळच तात्पुरते रेल्वे स्थानकही उभारले होते. 'तहान लागल्यावर विहीर खणणे' ही म्हण आपण ज्या अर्थाने वापरतो, त्याच्या नेमके उलट वर्तन म्हणजे नियोजन. ते पाहावयाचे असेल तर काँग्रेस रोडने जाताना त्या विहिरीपाशी क्षणभर थांबावे.

काळाची निवड

स्थळापूर्वी काळ ठरवावा लागतो, कारण एकच जागा एका महिन्यात सोयीची व दुसऱ्या महिन्यात गैरसोयीची असते. जून ते सप्टेंबर हा आपल्याकडे पावसाचा काळ. खानापूरच्या रानपट्ट्यात तर पाऊस मुसळधार. पुठ्ठ्याच्या खोक्यात यंत्र घेऊन येणाऱ्या मुलांना तो काळ वर्ज्य. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सहामाही परीक्षा व दिवाळी. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा भरते. त्या दिवसांत शहरातील निवासगृहे भरलेली असतात आणि पोलिसांवरही ताण असतो. फेब्रुवारीनंतर दहावीच्या परीक्षेची छाया पडते. बाकी उरला जानेवारी. संक्रांत होऊन गेल्यावर आणि प्रजासत्ताक दिनाची गडबड सुरू होण्यापूर्वी जो आठवडा मिळतो, तो उत्तम. हवा कोरडी असते आणि यंत्रे तापत नाहीत.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. हाच काळ उसाच्या गळिताचा. चिकोडी-निपाणी-हुक्केरी भागांत रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. निपाणी ते बेळगाव हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर. नकाशावर पाहून कोणी सव्वा तासाचा हिशेब करील. परंतु शहाण्या व्यवस्थापकाने दोन तास धरावेत. निपाणीस रेल्वे नाही, हेही ध्यानात असावे. खानापूरच्या संघास मिरज-लोंढा मार्गाने आगगाडीने येता येईल. निपाणीकरास मोटारीवाचून गत्यंतर नाही.

मेजे आणि मिनिटे

आता स्पर्धेच्या गाभ्याकडे वळू. शालेय स्पर्धांतील यंत्रमानव बहुधा एका मेजावर पसरलेल्या चित्रपटावर धावतो. जगभर रूढ असलेल्या एका मापाप्रमाणे हा पट २,३६२ मिलिमीटर लांब व १,१४३ मिलिमीटर रुंद असतो. हा आकडा विचित्र वाटेल. पण आठ फूट बाय चार फुटांचे प्लायवूडचे पान घेऊन त्याच्या कडांना लाकडी पट्ट्या ठोकल्या की, आत साधारण एवढीच जागा उरते. म्हणजे गावातल्या सुताराला हे मेज करता येते.

सुताराने मेज केले की पाणसळ लावून पाहावे. यंत्रमानव चाकांचे फेरे मोजून अंतर ठरवितो. निघतानाच त्याचे तोंड एका अंशाने वळले, तर दोन मीटर गेल्यावर तो सुमारे साडेतीन सेंटिमीटर बाजूस गेलेला असतो आणि तेवढ्याने ठोकळा हातचा निसटतो. मेज एका कोपऱ्यात दबलेले असेल किंवा पटास चुणी पडलेली असेल, तर हा दोष यंत्राचा नसून यजमानाचा होय. सर्व मेजे सारखी समतल आहेत की नाहीत, हे तपासण्यास उद्यमबागेतील एखाद्या कारखान्यातील जाणता कारागीर बोलवावा. अशा कामात त्याची नजर फार मोलाची असते.

मेजे किती हवीत? ६० संघ गुणिले ३ फेऱ्या म्हणजे १८० फेऱ्या. प्रत्यक्ष खेळ अडीच मिनिटांचा धरू. परंतु संघाने मेजाशी यावे, यंत्र मांडावे, खेळावे, पंचांनी गुण लिहावेत, संघाने ते पाहून सही करावी आणि मदतनिसाने मेजावरील ठोकळे पुन्हा जागी लावावेत, या साऱ्यास मिळून दहा मिनिटे लागतात. अडीच मिनिटांच्या खेळामागे साडेसात मिनिटांची व्यवस्था असते, हे नवख्या मनुष्याच्या ध्यानात येत नाही आणि म्हणूनच त्याचे वेळापत्रक दुपारपर्यंत कोलमडते.

मेजे चार घेतली तर १८० भागिले ४, म्हणजे ४५ पाळ्या. दर पाळीस १० मिनिटे, म्हणजे ४५० मिनिटे, अर्थात साडेसात तास. मेजे सहा घेतली तर ३० पाळ्या व ३०० मिनिटे, अर्थात पाच तास. फरक अडीच तासांचा.

हा फरक कागदावर लहान दिसतो. तो कोणाच्या वाट्यास येतो ते पाहा. खेळ साडेनऊला सुरू झाला, जेवणास पाऊण तास दिला, अडचणींसाठी पाऊण तास राखला आणि बक्षीस-समारंभास पाऊण तास धरला, तर सहा मेजांवर सारे पावणेपाचला आटोपते. निपाणीची गाडी पाचला सुटून सातला, दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात, पोहोचते. चार मेजांवर तोच कार्यक्रम सव्वासातला संपतो. गाडी साडेसातला सुटते आणि निपाणी यावयास साडेनऊ होतात. तेथून पुढे खेड्यात जाणाऱ्या मुलीस घरी पोहोचण्यास दहा-साडेदहा. अशा वेळी काय होते, ते आपण जाणतो. 'पुढच्या वर्षी मुलीला पाठवावयाचे नाही,' असे घरी ठरते. तिच्या बुद्धीत उणे काही नसते आणि तिच्या यंत्रातही नसते. उणी पडलेली असतात ती दोन मेजे. प्लायवूडची दोन पाने, दोन पट, दोन पंच व दोन मदतनीस एवढ्याने जर ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धेत उतरणार असेल, तर तो खर्च सर्वांत आधी करावा; व्यासपीठावरची फुले मागाहून.

यावरून नियोजनाचे एक सूत्र मिळते. वेळापत्रक सकाळच्या उद्‌घाटनापासून पुढे आखू नये. परतीच्या गाडीपासून मागे आखावे. तसेच सकाळीही करावे. निपाणीचा संघ साडेसहाला निघून साडेआठला येतो. म्हणजे खेड्यातले मूल साडेपाचलाच घराबाहेर पडलेले असते. सहा मेजांवर पहिल्या तासात ३६ फेऱ्या होतात. त्या शहरातील व जवळच्या संघांस द्याव्यात. दूरच्या संघांस तेवढ्यात न्याहारी करून, यंत्र जुळवून, सरावाच्या मेजावर एक फेरी करून घेता येते. सरावासाठी दोन मेजे वेगळी ठेवावीत. म्हणजे सुतारास एकूण आठ मेजांची मागणी जावी.

खोल्या, वीज व प्रकाश

प्रत्येक संघास यंत्र दुरुस्त करण्यासाठी ९ चौरस मीटर जागा द्यावी. साठ संघांस ५४० चौरस मीटर झाले. एवढे सभागृह शाळेत कोठून असणार? पण वर्ग असतात. आठ मीटर बाय सहा मीटरचा वर्ग ४८ चौरस मीटरचा. त्यात पाच संघ मावतात. बारा वर्गांत साठ संघांची सोय होते आणि सभागृह केवळ खेळासाठी व प्रेक्षकांसाठी मोकळे राहते. वर्गांकडून सभागृहाकडे जाण्याची वाट एक व परतण्याची दुसरी असावी. नाजूक यंत्र हातात धरून चाललेल्या मुलास समोरून येणाऱ्या गर्दीचा धक्का लागता कामा नये.

विजेचे गणितही याच विभागणीने सुटते. एका संघाचा संगणक व विद्युत्-घटांचा भारक मिळून १५० वॅट धरू. पाच संघांचे ७५० वॅट होतात. वर्गातील साधे पाच अँपिअरचे खटके-जोड २३० व्होल्टवर ११५० वॅटपर्यंत भार सोसते. म्हणजे एका वर्गाचा भार सुखाने निभावतो. परंतु कोणी हौसेने तेथेच चहाची दीड हजार वॅटची किटली लावली की भार २२५० वॅट होतो, फ्यूज उडतो आणि पाच संघांचे काम थांबते. यास्तव 'वर्गात किटली व इस्त्री लावू नये' ही सूचना दारावर लिहिलेली असावी आणि चहा स्वयंपाकघरातूनच यावा. बारा वर्ग तीन फेजांवर चार-चार वाटावेत. प्रत्येक फेजवर ३००० वॅट, म्हणजे सुमारे १३ अँपिअर येतात. बारा वर्गांचे ९ किलोवॅट व सभागृहातील दिवे, पंखे आणि ध्वनिवर्धक यांचे ६ किलोवॅट मिळून १५ किलोवॅट. वीज गेलीच तर उपयोगी पडावे म्हणून २५ केव्हीए क्षमतेचे जनित्र भाड्याने आणून ठेवावे आणि ते आदल्या दिवशी पूर्ण भारावर अर्धा तास चालवून पाहावे. न चालविलेले जनित्र म्हणजे न खणलेली विहीर.

विद्युत्-घटांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. आजचे लिथियमचे घट फुगले, दबले वा चुकीच्या भारकावर लावले, तर पेट घेऊ शकतात. ते माणसांच्या नजरेसमोरच भारावेत. रात्री झोपण्याच्या खोलीत कदापि भारू नयेत. प्रत्येक मजल्यावर वाळूच्या बादल्या व अग्निशामक नळकांडे असावे आणि ते कसे वापरतात हे स्वयंसेवकांस आदल्या दिवशी दाखवावे.

प्रकाशाचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. रेघ ओळखणारा यंत्रमानव पटावरून परावर्तित झालेला प्रकाश मोजून काळे व पांढरे ठरवितो. सकाळी दहा वाजता जी रेघ त्यास काळी दिसली, ती दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या खिडकीतून ऊन पडल्यावर करडी भासते आणि यंत्र भांबावते. मग पहिल्या फेरीत यशस्वी झालेले मूल तिसऱ्या फेरीत अपयशी ठरते, आणि त्याचे कारणही त्यास कळत नाही. यावर उपाय सोपा आहे. ज्या वेळी खेळ व्हावयाचा, त्याच वेळी आदल्या दिवशी सभागृहात उभे राहून ऊन कोठे पडते ते पाहावे. खिडक्यांस जाड पडदे लावावेत व सहाही मेजांवर एकसारखे दिवे ठेवावेत.

तीच गोष्ट बिनतारी लहरींची. ब्लूटूथ व वाय-फाय ही दोन्ही बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, आणि प्रेक्षकांच्या खिशांतील शेकडो भ्रमणध्वनीही त्याच पट्ट्यात कुजबुजत असतात. बाजारात सारेच बोलू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही, तशी अवस्था होते. यास्तव यंत्रातील आज्ञावली तारेने भरावी आणि खेळताना यंत्राने बाहेरून आज्ञा न घेता आपल्या आपण चालावे, असा नियम असावा.

पाणी, अन्न व निवास

६० संघांचे ४२० जण, पंच व स्वयंसेवक १००, आणि पालक व प्रेक्षक ४८०. म्हणजे एक हजार माणसे. पिण्यास माणशी तीन लिटर धरले, तर ३,००० लिटर. हातपाय धुणे व स्वच्छतागृह यांसाठी माणशी दहा लिटर धरले, तर १०,००० लिटर. एकूण १३,००० लिटर पाणी. शाळेच्या टाकीत किती मावते हे मोजून उरलेल्याची तजवीज आधी करावी. मुलींची स्वच्छतागृहे खेळाच्या जागेजवळ, दिवा व कडी असलेली व दर तासास पाहणी होणारी असावीत. जिथे ही सोय नीट नसते, तिथे मुली दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात. आणि तहानलेल्या डोक्याने गणित सुटत नाही.

जेवणाचा हिशेब पाहा. ५२० पाने पाऊण तासात वाढावयाची आहेत. एका रांगेत दहा सेकंदांस एक ताट भरले, तर मिनिटास सहा. ५२० ताटांस ८७ मिनिटे लागतील. तीन रांगा केल्या तर २९ मिनिटे. उरलेल्या वेळात शेवटच्या मुलासही दोन घास निवांत खाता येतील. पदार्थ थोडे व पचण्यास हलके असावेत : पोळी-भाजी, मसालेभात, ताक आणि गोडास बेळगावचा कुंदा एवढे पुष्कळ झाले. जे अगदी दूरचे संघ आदल्या रात्री येतील, त्यांस शाळेच्या खोल्यांत सतरंज्या, पांघरुणे व गरम पाणी द्यावे. मुलींची व्यवस्था स्वतंत्र व शिक्षिकांच्या देखरेखीखाली असावी. जानेवारीत बेळगावची थंडी पाहुण्यांस बोचते.

भाषा आणि माणसे

आपल्या जिल्ह्यात मराठी, कन्नड व उर्दू माध्यमांच्या शाळा आहेत. नियम समजला नाही म्हणून कोणाचा गुण जाणे हा अन्याय होय. यास्तव नियमपत्रक महिनाभर आधी सर्व माध्यमांतून जावे. मैदानावरील फलक मराठी व कन्नड दोहोंत असावेत आणि मेजांस शब्दांऐवजी आकडे व रंग द्यावेत. 'लाल तीन' कोणत्याही भाषेत चटकन कळते. निवेदकही दोन्ही भाषांत बोलणारा असावा. पंचाने गुण सांगताना मुलाच्या भाषेत सांगावेत आणि त्याची शंका फिटेपर्यंत सही मागू नये. सीमेवरच्या माणसास दोन भाषा येतात, ही त्याची मिळकत आहे. ती येथे खर्ची घालावी.

पाहुणचारासंबंधी १९२४ च्या अधिवेशनातील एक आठवण सांगण्याजोगी आहे. तेथे स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये गंगूबाई हनगळ होत्या. त्या पुढे हिंदुस्थानी संगीतात कीर्तिमान झाल्या; त्या वेळी त्यांचे वय अवघे अकरा वर्षांचे. एवढ्या थोर मंडळींपुढे गाण्याची भीती त्यांस वाटली नाही. आपल्या जातीमुळे जेवणानंतर आपणांस उष्टी काढावयास सांगतील की काय, ही धास्ती मात्र मनात होती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. विहीर, स्थानक, मंडप सारे सिद्ध असताही एका लहान मुलीच्या मनात ती धास्ती होती. पाण्याची मोजणी लिटरांत होते. या गोष्टीची मोजणी कशात करावी? म्हणून स्वयंसेवकांस पहिली सूचना हीच असावी की, महागडे यंत्र आणणाऱ्या संघाचे व पुठ्ठ्याचे यंत्र आणणाऱ्या संघाचे स्वागत एकाच शब्दांनी, एकाच पंगतीत व्हावे.

त्याच अधिवेशनाचा आणखी एक धडा आहे. व्यवस्था नामी होती, तरी तेथील खर्च गांधीजींना अधिक वाटला. स्वतःसाठी उभारलेली खादीची कुटीही त्यांना महालासारखी भासली. नियोजन म्हणजे थाटमाट नव्हे. जेथे पैसा घातल्याने कोणाची तरी अडचण दूर होते तेथे तो घालावा, आणि जेथे केवळ दिपविण्यास लागतो तेथे आवरावा.

समारोप

मित्रहो, या साऱ्या हिशेबात कोठेही अवघड गणित आलेले नाही. गुणाकार, भागाकार, थोडे विजेचे नियम व थोडा प्रकाशाचा गुणधर्म, एवढ्यावर काम भागले. हे सारे तुमच्या पाठ्यपुस्तकांत आहे. यंत्र घडविणारा विद्यार्थी जसा संघात असतो, तसा हा हिशेब मांडणाराही संघात असावा. किंबहुना प्रत्येकाने एकदा तरी ही बाजू सांभाळावी. ज्याने मेज समतल केले, पडदा ओढला आणि परतीची गाडी वेळेवर सोडली, त्याचे नाव बक्षिसांच्या यादीत येत नाही. परंतु हरलेला संघही जेव्हा 'आम्ही आमच्या चुकीने हरलो, जागेच्या चुकीने नव्हे' असे म्हणून समाधानाने घरी जातो, तेव्हा यजमानांचा विजय झालेला असतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. संघ ६० ऐवजी ८४ आले, फेऱ्या तीनच ठेवल्या आणि खेळ पाच तासांतच संपवावयाचा असेल, तर मेजे किती लागतील? वर्ग किती लागतील?

२. आपल्या शाळेचे सभागृह, वर्ग व पाण्याची टाकी मोजा. तेथे किती संघांची स्पर्धा भरविता येईल ते काढा, आणि कोणती गोष्ट सर्वांत आधी अपुरी पडते ते सांगा.

३. आपल्या गावाहून बेळगावास जाणारी पहिली व तेथून परतणारी शेवटची गाडी कोणती, याची चौकशी करा. त्या दोन वेळांच्या मध्ये बसेल असे एका दिवसाचे वेळापत्रक आखा.